ज्या पोरीले म्या हात धरून बाजूले केलं

वच्छले,

चौकात तुहा फ्लेक्स लागला आहे. आपल्या दिलीपनं छापून आणला. त्यात तू हिरव्या लुगड्यात आहे. ते लुगडं तुह्याजवळ कधी नव्हतंच, फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर नेसवलं. मागं देवी, अन् खाली मोठ्या अक्षरात 'देवीचरणी लीन'. लोक थांबतात, हात जोडतात. मले म्हणत, बुढ्या, तुही बायको नशीबवान, अष्टमीच्या दिवशी अंगात देवी आली अन् संगं घेऊन गेली. मी मान हालवो. तेरवीपर्यंत मी नुसती मान हालवत होतो.

मी चौथी शिकेल माणूस. मले लिहिणं जमत नाही. तरी लिहून राह्यलो, कारण तोंडानं सांगतलं ते अर्ध्या लोकाईनं आयकलं नाही अन् अर्ध्याईनं भलतंच आयकलं. तुले सांगाले लागते असं नाही, तुले सगळं माहीत आहे. पण तुह्या नावानं लिहिलं का खोटं लिहिता येणार नाही, म्हणून तुलेच लिहितो.

तुह्या अंगात देवी नव्हती आली. तुले लकवा मारला होता, अन् मी तुह्यापुढं हात जोडून उभा होतो.

आपलं एक भांडण अर्धं राह्यलं. बाकी भांडणं आपण पुरी करून झोपत होतो, हे एकच राह्यलं. दिलीप पुण्याले गेला तवापासूनचं. मी म्हणो, आजकालचे पोट्टे काही कामाचे नाहीत, कानात मोबाईलचे बोंडं कोंबून फिरतात, बाजूले माणूस मेला तरी याईले समजत नाही. तू म्हणे, "तुमच्या बाजूले बसतात म्हणून कोंबतात. मलेही वाटते कोंबाव."

एस्टीत एखाद्या पोट्ट्यानं तुले जागा देल्ली का मी म्हणो, त्याले उतराचंच असीन. एखाद्या पोरीनं तुही थैली वर चढवून देल्ली का मी थैली तपासो. तू मले लोकाईसमोर काही म्हणत नव्हती. घरी आल्यावर चुलीसमोर बसून म्हणे, "त्या पोरीनं पाह्यलं बरं, तुमी गाठ पाहून राह्यले होते ते. तिच्या तोंडाचा रंगच गेला."

दोन वर्षांमागं तुहा डोळा दाखवाले यवतमाळले गेलतो. स्टँडवर एक वेडी बाई बसेल होती, अंगावरचं लुगडं पार फाटेल. सगळे तोंड फिरवून जात. म्याही फिरवलं. कॉलेजच्या पोरी आल्या. एकीनं आपली ओढणी तिच्या अंगावर टाकली, दोघी पुढं आडव्या उभ्या राह्यल्या, अन् एक पळत जाऊन कुठून तरी गाऊन घेऊन आली. म्या तुले म्हणलं, पाह्य आता, मोबाईल काढतीन अन् व्हिडिओ टाकतीन.  आपली गाडी लागली, सुटली, तरी तू बाकड्यावरून उठली नाही. त्याईनं तिले गाऊन घातला, हात धुवून देल्ले, चहा पाजला. मोबाईल काढला तो कोणाले तरी फोन कराले, का या बाईले कुठं ठेवता येईन. मंग तू माह्याकडं पाह्यलं. म्या म्हणलं, "एखादीच असते तशी."

"चार होत्या," तू म्हणाली. "मोजता येते मले."

अन् मंग पुढच्या गाडीत, खिडकीकडं तोंड करून, तू ते म्हणाली. "दुसऱ्याचे लेकरं चांगले निंगाले का तुमच्या पोटात दुखते. काहून, तं आपला तसा नाही निंगाला." म्या म्हणलं, गप बस. तू गप बसली. राळेगाव आलं, गाव आलं, सैपाक झाला, जेवण झालं, तू गपच. दुसऱ्या दिवसापासून बोलाले लागली, पण त्या गोष्टीवर नाही. माह्याजवळ उत्तर नव्हतं असं नाही. तू खरं बोलली होती, अन् खऱ्याले काय उत्तर देणार. एवढं म्हणलं असतं तरी झालं असतं. दोन वर्षं टैम होता मले.

घटस्थापनेच्या दिवशी तू बीपीची गोळी बंद केली. "उपासात इंग्रजी औषध कसं चालीन?" म्हणाली. तू मले इचारत होती, सांगत नव्हती. मी अंगणात सोयाबीन उलटून राह्यलो होतो. मान वर न करता म्हणलं, "नऊ दिवसानं काय होते." गावात अर्ध्या बाया तसंच करतात, म्हणून मले त्यात काही वाटलं नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं पहिले तेच इचारलं, गोळ्या चालू होत्या का? म्या हो म्हणलं. तिथंही खोटं बोललो. तरणा डॉक्टर होता, माह्याकडं पाहून त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. त्याले समजलं असीन.

आता अष्टमीचं.

सकाळच्या गाडीनं आपण टेकडीवरच्या देवीले गेलो. ऊन चढेल होतं, तुह्या पोटात दोन दिवसापासून शेंगदाणे अन् पाणी. ओटी भरली, खाली उतरलो, रस्त्याच्या कडंच्या निंबाखाली तू बसली. तिथं बायाईचं भजन चालू होतं. माहा तंबाखू मळून व्हाचा होता. पाह्यलं तं तू डोलून राह्यली होती. उजवा हात मांडीवरून खाली पडला. तोंडातून 'बा, बा' असा आवाज. तोंड एका बाजूले गेलेलं, डोळा अर्धा मिटेल.

भजनातल्या रुखमाबाईनं पहिले पाह्यलं. "आली वं माय, अंगात बाई आली," म्हणाली, अन् टाळ थांबले.

आपलं लगन झालं तवा दर नवरात्रात तुह्या अंगात येत होतं. लोक दुरून येत, दारात बसून राहत, मले 'पाटील' म्हणत, ज्याच्याजवळ पाटीलकी नव्हती, नुसतं पाच एकर वावर होतं. मंग दिलीप शाळेत जाऊ लागला अन् ते बंद झालं. तू म्हणाली, "सुटली बाई मी." मी नाही सुटलो, वच्छले. मले ते दिवस हवेच होते. त्या दिवशी निंबाखाली लोक तुह्याभवती जमले, कोणी तुह्या कपाळाले कुकू लावलं, कोणी पायावर डोकं ठेवलं, अन् मले मागून एकानं म्हणलं, "पाटील, पुढं व्हा ना, तुमचाच मान आहे." मी पुढं झालो. माही छाती फुगली होती. बायकोले मरण लागलं होतं अन् माही छाती फुगली होती.

म्या चपला काढल्या अन् तुले हात जोडले.

बाया एकेक करून इचाराले लागल्या. रुखमाबाई म्हणाली, "आई, पोरीले पाहून गेले ते लोक. देऊ का तिथं?" तुही मान खाली गेली. "हो म्हणते," सगळ्या बोलल्या.

रस्त्यावर दोन पोरी गाडीची वाट पाहत होत्या, पाठीवर कॉलेजची बॅग. गर्दी पाहून आल्या. त्यातली एक सावळी, बारीक, ती सरळ आत घुसली अन् तुह्यासमोर उकिडवी बसली. तिचं नाव प्रज्ञा, हे मले नंतर, गंज दिवसानं समजलं. तिनं तुह्या तोंडाकडं पाह्यलं अन् माह्याकडं वळली.

"आजोबा, तुमच्या घरच्या का ह्या? ह्याईचं तोंड वाकडं झालं. लकवा होय हा. माह्या आज्याले असंच झालं होतं. लवकर न्या."

म्या म्हणलं, "ये पोरी, चप्पल घालून कुठं आली? सर तिकडं."

ती उठली. मले वाटलं गेली. तिनं निंबाच्या पल्याड जाऊन चपला काढल्या अन् वापस आली. "काढल्या," म्हणाली. "आता आयका. आजी, दोन्ही हात वर करा बरं. दोन्ही."

तुवा डावा हात वर केला. उजवा जागचा हालला नाही.

"पाह्यलं?" ती म्हणाली.

बाया म्हणाल्या, "आशीर्वाद देऊन राह्यली आई."

पोरगी सगळ्याईच्या तोंडाकडं पाहाले लागली, जसे आपण येड्याच्या गावात आलो. तिनं तुहा खांदा धरला, तुले टेकवून बसवाले. तवा म्या तिचं मनगट धरलं. जोरात धरलं. उभी केली अन् गर्दीच्या बाहेर आणून सोडली. म्हणलं, "तुमच्यात देवी मानत नाहीत म्हणून आमच्या देवीले हात लावतं का?" तिच्या बॅगवर बाबासाहेबाचं चित्र होतं, ते म्या तेवढ्यात पाह्यलं होतं. तिची मैतरीण काजल म्हणाली, "चल ना वं, गाडी येईन, कायले मार खातं." ती नाही गेली. रस्त्यावर उभी राहून फोनवर नंबर फिरवत होती अन् तिथूनच वरडून सांगत होती, "आजोबा, टैम जाऊन राह्यला. अॅम्बुलन्स राळेगाववरून निंगत नाही म्हणतात, दुसरीकडं गेली आहे. गाडी करा."

घंटाभर असं चाललं. तुह्यासमोर नारळ अन् खणाचा ढीग लागला. मंग तुले उलटी झाली अन् तू आडवी पडली.

ज्याईनं तुह्या पायावर डोकं ठेवलं होतं ते मागं सरकले. एस्टी आली होती, लोकाईले घरी जाचं होतं. तुहा भाऊ महादेव तिथंच होता, तो म्हणाला, "भाऊजी, मी गावात सांगतो जाऊन," अन् गाडीत चढला. कॉलेजकडं जाणारी गाडीही तीच होती. त्या दोघी नाही चढल्या.

प्रज्ञा रस्त्याच्या मधात उभी राह्यली, दोन्ही हात पसरून. टमाट्याचे कॅरेट भरेल पिकप आली. चालवणारा पोट्टाच होता, कानात बोंडं. त्यानं काही इचारलं नाही. अर्धे कॅरेट रस्त्याच्या कडंले उतरवले, तिथंच सोडले, अन् तुले मागं चढवलं. प्रज्ञानं तुहं डोकं मांडीवर घेतलं, तुले कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून घाण काढली. ओढणीनं पुसलं. काजल तुह्यावर सावली धरून बसली. मी टोकाले, फाळक्याले टेकून, हातात नारळाची पिशवी. ती पिशवी म्या काहून घेतली, मले आजवर समजलं नाही. सारा रस्ता तुहा डावा हात तिच्या हातात होता. तू दाबत होती, बोटं पांढरी झालती तिची. म्या ते पाह्यलं अन् दुसरीकडं पाह्यलं.

राळेगावच्या दवाखान्यात अॅम्बुलन्स मिळेपर्यंत त्या थांबल्या. दिलीपचा नंबर माह्या मोबाईलमधून काढून त्याईनंच लावला. त्यानं मिटिंगमधून नंतर करतो म्हणून कापला, त्याईनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. मले बिस्किटाचा पुडा आणून देल्ला. म्या तो खाल्ला. नाव नाही इचारलं, गाव नाही इचारलं. अॅम्बुलन्स निंगाली तवा प्रज्ञा नळावर ओढणी धूत होती.

यवतमाळले तू तीन दिवस होती. तोंडातून शबूद नाही. तरणा डॉक्टर म्हणाला, "बाबा, लवकर आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, नक्की नाही सांगत, पण करता आलं असतं." म्या म्हणलं, गाडी नव्हती भेटली. हेही खोटं.

दिलीप दसऱ्याले पोचला. तू दुपारी गेली, तो संध्याकाळी आला. गंज रडला. मले त्याचा राग आला अन् मंग स्वतःचाच आला, कारण त्याले उशीर झाला तो रस्त्यानं झाला. माहा झाला तो तुह्यापासून दोन हातावर उभं राहून.

घाटावरच गोष्ट सुरू झाली. कोणं सुरू केली ते मले माहीत आहे. तुह्या भावानं. तो तुले टाकून एस्टीत चढला होता, त्याले काहीतरी सांगाले पायजेच होतं. म्हणे, देवी अंगात असताना त्या पोरीनं वच्छलाक्काले ओढलं, चप्पल घालून हात लावला, म्हणून बाई कोपली अन् जीव घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती पोरगी कोणत्या गावची, कोणत्या वस्तीतली, हे निंगालं. तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम केलं असं झालं. माह्यासमोर बोलत होते सगळे, पानाचा डबा मधात ठेवून. मी तिथंच बसेल होतो.

मी काहून नाही बोललो, तुले सांगतो. पोरीनं मारलं असं ठरलं का मी सुटत होतो. तू देवीपाशी गेली असं ठरलं तरी मी सुटत होतो. दोन्हीकडून माही सुटका होती, अन् लोक आयती आणून देत होते.

तेरवीच्या दिवशी पंगत बसेल होती. काजल आली, एकटी, बापाच्या सायकलवर. मांडवात उभी राह्यली. दिलीपले वाटलं आपल्यातलीच कोणी, त्यानं म्हणलं बसा जेवाले. ती माह्यासमोर आली.

"आजोबा, ओळखलं का?"

म्या म्हणलं, "हो."

"प्रज्ञा कॉलेजात येत नाही. स्टॉपवर बाया तिले पाहून थुकतात. म्हणतात, म्हातारी मारली इनं. तिच्या बाबानं पास घरी ठेवून घेतला. ती लय हुशार आहे हो आजोबा. तुमी एकदा सांगा ना, खरं काय झालं ते. तुमचंच लोक आयकतीन."

 वाढणारे थांबले. महादेव हातातली बुंदी तशीच धरून माह्याकडं पाहत होता. दिलीप म्हणाला, "काय झालं बाबा, ही काय म्हणते?"

म्या म्हणलं, "जेवून जाय, पोरी."

ती मले पाहत राह्यली. मंग म्हणाली, "नको," अन् सायकल घेऊन गेली. मले शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं. त्या रात्री दिलीपले म्या सारं सांगतलं. त्यानं उंबऱ्यावर बसून सारं आयकलं. मंग म्हणाला, "झालं ते झालं बाबा, आता कशाले उकरता, आईचं नाव खराब होईल." सकाळच्या गाडीनं गेला. फ्लेक्स महिनाभर राहू द्या म्हणाला.

चार दिवसानं मी प्रज्ञाच्या गावी गेलो. बुद्धविहाराच्या मागं घर आहे, टिनाचं, सारवून साफ. तिच्या बापानं जयभीम घातला, मी रामराम म्हणलो. त्यानं खाट टाकली. पोरगी आतून बाहेर आली नाही, भांड्याचा आवाज येत होता. म्या बसून सगळं सांगतलं, निंबापासून बिस्किटापर्यंत. मनगट धरलं तेही सांगतलं. शेजारचे दोन-चार जण येऊन उभे राह्यले. मले वाटलं, एवढं बोललो, आता हलकं वाटीन.

तिचा बाप म्हणाला, "बाबा, हे इथं सांगून काय होते? इथं सगळ्याईले माहीत आहे माही पोरगी कशी आहे. जिथं माहीत नाही तिथं सांगा."

मी उठलो. त्यानं पाणी आणून देल्लं. पेलो.

मंगळवारी टेकडीखाली बाया जमतात. मी त्याच निंबाखाली उभा राह्यलो. मले भाषण येत नाही. म्हणलं, "आयका. माह्या बायकोच्या अंगात देवी नव्हती आली. लकवा होता. एका पोरीनं ओळखला, आम्हाले सांगतलं, दोनदा सांगतलं. म्या तिचा हात धरून तिले बाजूले केलं. घंटाभर म्या घालवला. वच्छला माह्यानं मेली. त्या पोरीले कोणी बोलाचं असीन तं मले बोला."

पुजारी म्हणाला, "बायको गेल्यानं बुढ्याचं डोकं फिरलं." दोन जण हासले. काही बाया टाळ उचलून घरी गेल्या. महादेव म्हणाला, "भाऊजी, बहिणीच्या मौतीची लाज काढली तुमी," अन् तवापासून बोलत नाही. एवढ्यात रुखमाबाई पुढं आली. तिचा चेहरा उतरेल होता.

"भाऊ, असं नका बोलू. तिनं मले हो म्हणलं होतं. म्या त्या भरोशावर पोरीची सुपारी फोडली."

म्या म्हणलं, "रुखमाबाई, ती हो म्हणत नव्हती. तिची मान पडत होती."

ती मटकन खाली बसली. तिच्यासंगं दोन बाया बसल्या. थुकणं तरी बंद झालं असीन त्या दिवसापासून, असं वाटते मले. लोक आता प्रज्ञाले बोलत नाहीत, मले बोलतात, पाठीमागं. तेवढं झालं. मी गेलो तवा मले वाटलं होतं आभाळ कोसळीन. एक पुजारी अन् दोन हासणारे, बस. एवढ्याचं भ्याव होतं मले, वच्छले. एवढ्यासाठी ती पोरगी महिनाभर घरात बसली.

मंग मी सकाळी, त्या पोरी गाडी धरतात त्या स्टॉपवर जाऊन बसाले लागलो. बुधवारी काजल एकटी. गुरुवारी एकटी. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् गाडीत चढली. सोमवारी दोघी आल्या.

प्रज्ञा अजून बारीक झाली आहे. तिनं काजलच्या हातात बॅग देल्ली अन् माह्याजवळ आली. मले वाटलं आता बोलीन, अन् बोलाव. तयारीनंच बसेल होतो.

तिनं हळूच इचारलं, "आजोबा, म्या आजीचा खांदा जोरात ओढला होता का?"

म्या म्हणलं, "काय?"

"त्या दिवशी. तुमी जवळ होते. लोक म्हणत होते म्हणून मीही आठवून पाह्यलं. घाईघाईत धरला होता खांदा. गाडीत चढवतानाही. जास्त लागलं असीन का त्याईले? त्याच्यानं काही झालं असीन का?"

एकोणीस वर्षांची पोरगी. एवढे दिवस घरात बसून ती हे आठवत होती. लोकाईच्या बोलण्यात खरं नव्हतं हे तिले सगळ्यात जास्त माहीत, तरी तिच्यात ते घुसलं. तिचा आजा लकव्यानं गेला तवापासून जे शिकली ते तिनं रस्त्यावरच्या एका बुढीसाठी वापरलं, अन् आम्ही तिले तिच्याच हातावर शंका घ्याले लावलं.

म्या म्हणलं, "नाही, बाई. तू धरलं तवाच तिले कोणीतरी नीट धरलं होतं. ओढणारा मी होतो."

ती माह्याकडं पाहत होती. तिले पटलं का, समजलं नाही. दुरून गाडीचा हॉर्न आला. काजलनं हाक मारली. मले आभार मानाचे होते, माफी मागाची होती, तुह्या हाताचं बोलाचं होतं, का पोरी, वच्छलाले तुहाच हात मिळाला शेवटी. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही. भलतंच इचारलं.

"पोरी, पुढं कधी असं कोणी पडेल दिसलं, ओळखीचं नाही, पाळखीचं नाही, तं थांबशीन ना?"

गाडी येऊन उभी राह्यली. दार उघडलं. तिनं बॅग खांद्यावर अडकवली, एक पाय पायरीवर ठेवला.

"पाहू," म्हणाली.

गाडी गेली. वच्छले, हे 'पाहू' माह्या वयाच्या माणसाचं बोलणं आहे. त्या पोरीजवळ ते नव्हतं. अष्टमीच्या दिवशी रस्त्याच्या मधात हात पसरून उभी होती तवा नव्हतं. ते तिले म्या देल्लं.